बटाटे सोलता सोलता

ये, बस इथे. ते स्टूल नको, त्याचा पाय हलतो.
हे पोतं घे मांडीवर.
सुरी बोथट आहे. चाळीस पोरांच्या घरात
सुरी बोथटच बरी.
आणि हा घे बटाटा.
बघ कसा, खवल्याखवल्यांचा, जिथं हात लावशील तिथं खाच.
आमच्या क्वेचुआत याचं नावच आहे
सुनेला रडवणारा.
सासू नव्या मुलीच्या हातात हा द्यायची,
साल पातळ निघाली तर लग्न.
इथली सासू मी.
येईल त्याला हाच देते.

हॉलंडचा एक ताडमाड पोरगा होता,
त्याने याचा चौकोनी ठोकळा केला,
उरलेलं सगळं डुकरांना.
पण रात्री मुतलेल्या गाद्या तो एकटा उन्हात न्यायचा,
कुणी न सांगता, नाक न मुरडता.
त्याचं नाव विसरले.
गाद्या आठवतात.

तू किती दिवसांची? सहा आठवडे.
मला नको सांगूस, क्लीमाकोला सांग.
विचारेलच तो. नाव नाही विचारत, देश नाही,
फक्त कधीपर्यंत.
मग धुण्याच्या दगडामागे कोळशाने रेघा ओढतो.
सहा आठवडे म्हणजे बेचाळीस.
रोज एक पुसत नाही हं,
सगळ्या एकदम पुसतो, माणूस गेल्यावर.

घाई नको. डोळ्यात टोक घाल, फिरव.
हं. तसंच.

गणित शिकवायला आलीस म्हणे.
शिकव. पण आधी साय्दाच्या उवा काढ,
शनिवारी, पायरीवर, उन्हात.
तेव्हाच ती बोलते.
आई लिमाला गेलीय म्हणेल.
कधी येणार, ते विचारू नकोस.
केसांचे दोन भाग कर आणि गप्प बस.
आणि लगेच गळ्यात पडू देऊ नकोस तिला.
नाही, हे मी उगीच बोलले.
पडू दे.

फोटो? काढतात सगळेच.
एकीने छापून पाठवले होते,
पाकिटावर फोर्तुनाता, दोन चुका करून.
पोरांनी त्यात स्वतःला शोधलंच नाही,
मागे कोपऱ्यात उभा कुत्रा शोधला,
ट्रकखाली गेला होता तो फेब्रुवारीत.
"हा बघ लोबो! अगं, शेपूट बघ!"
अजून तो फोटो फिरतो,
आज याच्या उशीखाली, उद्या तिच्या.

मी? मी पंधरा दिवसांसाठी आले होते.
आधीच्या स्वयंपाकिणीचं बाळंतपण होतं.
डोंगरात तेव्हा वाईट वर्षं चालली होती,
वरच्या वाटेने पोरं उतरायची,
एकाच्या अंगात बापाचा स्वेटर, गुडघ्यांपर्यंत.
बाप नाही.
पंधरावा दिवस आला,
त्या दिवशी नेमकं सूप बुडाला लागलं,
पातेलं खरवडता खरवडता बस चुकली.
म्हटलं, उद्या.
एकतीस वर्षं झाली.

तू राहा, असं नाही म्हणत मी.
तुझी कुणी वाट बघत असेल, जा.
पण पहाटेच्या बसने जाऊ नकोस,
पोरं झोपेत असताना, चपला हातात घेऊन.
दुपारच्या बसने जा.
रडतील. तूही रड.
क्लीमाको नाही रडणार,
तो ओलं फडकं घेऊन दगडामागे जाईल.
त्याला हाक मारू नकोस,
नुसती उभी राहा, फडकं पिळेपर्यंत.
बस थांबते. ड्रायव्हर माझा भाचा आहे.

झाला? दाखव.
जाड साल. दोन ठिकाणी तर खड्डाच.
या खोऱ्यात तुला कुणी सून केली नसती.

टाक पातेल्यात.
अजून एकोणसाठ आहेत.